आज्ञापत्रातला वतनदार

आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथाचे नाव काढले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात. एक गडकोटांचे महत्त्व आणि दुसरी आंब्या-फणसाची झाडे. गडावरच्या व्याख्यानात पहिली, पर्यावरण दिनाच्या भाषणात दुसरी. दोन्ही प्रकरणे मोलाची आहेत, यात शंका नाही. पण त्या दोहोंच्या आधी एक प्रकरण येते आणि ते फारसे कोणी उघडत नाही. ते आहे वतनदारांविषयीचे. जमीन आणि सत्ता एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदू लागली की त्या घराचे, भोवतालच्या गावांचे आणि राज्याचे काय होते, याचे इतक्या थंड डोक्याने आणि तरीही इतक्या कळकळीने केलेले निरीक्षण जुन्या मराठी गद्यात मला दुसरे आढळत नाही. कोल्हापूरकरांना तर ते घरचेच आहे. ते लिहिले गेले कोल्हापूरच्या गादीसाठी, आणि त्याची भाष्ये बावडा, इचलकरंजी, कागल अशी आपल्याच जिल्ह्याच्या नकाशावर पसरलेली आहेत.

आधी लिहिणाऱ्याविषयी. आज्ञापत्र निघाले ते कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने, 1715 च्या सुमारास. त्यामागचा हात रामचंद्र नीलकंठ अमात्यांचा, असे परंपरेने मानले जाते. हे घराणे स्वराज्याच्या पहिल्या पिढीतले. आजोबा सोनोपंत, वडील निळो सोनदेव आणि 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत अमात्य म्हणून उभे राहिलेले तरुण रामचंद्रपंत. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंच्या कारभारातला दुसरा शिवाजी आणि कोल्हापूरचा संभाजी, अशा पाच कारकीर्दी या माणसाने आतून पाहिल्या. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा महाराष्ट्रातला सारा कारभार ‘हुकूमतपनाह’ या किताबासह त्यांच्याच खांद्यावर होता.

त्या काळात त्यांना काय करावे लागले, हे ध्यानात घेतल्याशिवाय वतनदार प्रकरणाची खोली कळत नाही. शिवाजी महाराजांनी नवी वतने देण्याचे टाळले होते, जुन्या वतनदारांचे हक्क बांधून दिले होते आणि त्यांचे हुडे (बुरूज) आणि वाडे पाडून त्यांना साध्या घरांत राहायला लावले होते, असे बखरकार सभासदाने लिहून ठेवले आहे. पण 1689 नंतर औरंगजेब दारात उभा होता. तो मराठा सरदारांना आणि देशमुखांना वतनांच्या सनदा दाखवून ओढत होता. खजिना रिकामा, राजा शेकडो कोस दूर. अशा वेळी माणसे टिकवायची तर त्यांच्या हातावर काहीतरी ठेवणे भाग होते. मग छत्रपतींच्या बाजूनेही वतने आणि इनामे देणे सुरू झाले. 1691 साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात तर दिल्ली जिंकल्यानंतरच्या बक्षिसाचीही तरतूद आहे. या देण्याघेण्यात हुकूमतपनाह म्हणून रामचंद्रपंतांचा हात होता. राज्य वाचले ते याच देण्याने. आणि राज्याला पुढे जी पोखरण लागली तीही याच देण्याने.

1707 साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि ते व ताराबाईंचा मुलगा असे गादीचे दोन दावेदार झाले. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंकडे गेले. पुढे कान्होजी आंग्रेही गेले. रोज सकाळी कोण कुठल्या बाजूला आहे याची खातरजमा करावी, असे ते दिवस. 1714 साली पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले आणि ताराबाईंच्या सवतीचा, राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. आज्ञापत्र या धुमाळीतून आले आहे. म्हणून त्यातला वतनदार पुस्तकी वाटत नाही. लिहिणाऱ्याने त्याला सनदा दिल्या आहेत, त्याच्यावर भरवसा टाकला आहे आणि त्याला रातोरात तळ बदलतानाही पाहिले आहे.

आता प्रकरणाकडे वळू. त्याची सुरुवातच धक्का देणारी आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना आपण सहजपणे वतनदार म्हणतो. लेखक म्हणतो, हे नुसते बोलण्याचे झाले. प्रत्यक्षात ते लहान का होईना, पण आपापल्या मुलखाचे स्वतंत्र नायकच आहेत. राजाच्या तोंडून हे वदवणे ही केवढी धीट गोष्ट! कुठलाही राजा अशा कागदात वतनदारांना सेवक म्हणेल, फार तर चाकर म्हणेल. इथे मात्र तो आरंभीच मान्य करून टाकतो की माझ्या राज्यात माझ्याखेरीज आणखी शेकडो छोटे राजे आहेत. एवढे मान्य केल्यावर पुढचा सगळा विचार सरळ होतो. समोर नोकर आहे असे समजून आखलेले धोरण फसणारच, कारण समोर नोकर नाहीच. समोर वाटेकरी आहे. राज्याचे भाऊबंद, दायाद, अशीच त्यांची गणना लेखक करतो.

भाऊबंद म्हटल्यावर मराठी माणसाला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. बांधावरून चाललेली भांडणे, एका वतनाच्या पडलेल्या तक्षिमा म्हणजे वाटण्या, होळीची पहिली पोळी कुणाची, बेंदराला कुणाचा बैल पुढे, विडा आधी कुणाला, यावरून तीन-तीन पिढ्या चाललेले दावे हे सारे त्या एका नात्यात आले. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हती. त्यात वंशपरंपरेचा अधिकार होता, त्या अधिकाराबद्दल मिळणारे धान्य आणि पैसा होता, आणि गावाच्या चारचौघांतला मान होता. जमीन गेली तर माणूस गरीब होई, मान गेला तर तो मेल्याहून मेला होई. म्हणूनच वतनासाठी जीव द्यायला आणि घ्यायला माणसे तयार असत. लेखकाने हे ओळखले आहे. प्रसंग आला तर हे लोक जिवाचीही पर्वा करत नाहीत, असे तो नमूद करतो. त्यात निंदा आहे तशी एक प्रकारची दादही आहे.

यानंतर येतो तो या प्रकरणाचा गाभा. लेखक वतनदाराच्या मनाची पायरी-पायरीने उकल करतो. आहे तेवढ्या वतनावर समाधानाने राहावे, सगळ्या देशाचा जो एक धनी त्याच्याशी इमानाने वागावे, ही त्यांची बुद्धी नव्हे. नवे मिळवावे. मिळाले की बळकट व्हावे. बळकट झाले की दुसऱ्याचे घ्यावे, दावे करावेत, दरवडे घालावेत. मग राजा शिक्षा करील हे दिसू लागताच आधीच दुसऱ्या कुणाचा आसरा धरावा. त्या आसऱ्याच्या जोरावर ठाणी बांधावीत, वाटा माराव्यात, मुलूख लुटावा. आणि परचक्र आले की वतन राहावे म्हणून सर्वांच्या आधी जाऊन शत्रूला भेटावे, इकडची गुपिते तिकडे आणि तिकडची इकडे करावीत.

या मांडणीत एकही पायरी गाळलेली नाही, हे तिचे सौंदर्य. पहिली पायरी निर्दोष आहे. थोडे अधिक मिळवावे असे कुणाला वाटत नाही? दुसरी पायरी शहाणपणाची आहे. मिळवलेले राखायला बळ लागतेच. तिसरीपासून वळण लागते, आणि शेवटच्या पायरीवर तोच माणूस शत्रूला वाट दाखवत असतो. मधे कुठेही तो राक्षस झालेला नाही. प्रत्येक पायरीवर तो आपल्या घराचेच बघतो आहे. राज्याला झालेला दगा हा अनेकदा घरावरच्या मायेतून होतो, हे ज्याने पाहिले असेल त्यालाच असे लिहिता येते. गद्याची चालही याला शोभेशी आहे. वाक्ये लांब आहेत, पण गुंतागुंतीची नाहीत. एक क्रिया दुसरीला ओढत नेते आणि वाचणाराही त्या उतरणीवरून लेखकाबरोबर खाली येतो. विशेषणांची आतषबाजी नाही, शिवीगाळ नाही. सारा भार क्रियापदांवर आहे.

हे सारे स्वराज्याच्या अनुभवाला धरून आहे. 1659 साली अफझलखान चालून आला तेव्हा उत्रवळीच्या खंडोजी खोपड्यांनी वतनाच्या आशेने खानाची वाट धरली. त्याच वेळी कारीचे कान्होजी जेधे आदिलशाही फर्मान हाती असतानाही पाच मुलांसह महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडून उभे राहिले. दोघेही देशमुख, दोघेही एकाच मावळातले. जेध्यांची थोरवी कशात होती, हे आज्ञापत्राचे हे पान वाचल्यावर नीट कळते. त्यांनी नुसती तलवार चालवली नाही. वतनदाराच्या स्वभावाची ती सगळी उतरण त्यांनी पहिल्याच पायरीवर नाकारली.

आता त्या प्रकरणातल्या एका व्यावहारिक सूचनेजवळ थोडे थांबतो, कारण तिच्यात लेखकाची नजर सर्वांत तीक्ष्ण दिसते. वतनदारांना हुडे आणि तटबंदीचे वाडे बांधू देऊ नयेत, असे तो बजावतो. वरवर पाहता हा सुरक्षेचा साधा नियम आहे. पण याच आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे इंग्रज, फिरंगी, डच अशा दर्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांविषयी काय म्हटले आहे ते शेजारी ठेवून वाचावे. त्यांना वखारीला जागा द्यायची झाली तर समुद्रापासून, खाडीपासून दूर, सखल जागी द्यावी, आणि पक्क्या इमारतीचे घर बांधू देऊ नये. एक शत्रू सातासमुद्रापलीकडून आलेला, एक वाटेकरी याच मातीतला. दोघांची पारख मात्र एकाच खुणेने केली आहे, तो काय बांधतो? माणसाच्या तोंडच्या शब्दांवरून त्याचा हेतू कळत नाही. भिंतीच्या जाडीवरून कळतो. राहायला घर लागते, त्याला तट लागत नाही. ज्या दिवशी घराभोवती तट उभा राहतो, त्या दिवशी घराला शेजाऱ्याची, रयतेची आणि राज्याची भीती वाटू लागलेली असते किंवा त्यांना भीती घालायची असते. 1715 च्या सुमारास टोपीकरांविषयी हे लिहिणारा माणूस किती दूरचे पाहत होता, हे पुढच्या शंभर वर्षांनी दाखवलेच. वतनदारांविषयीचे त्याचे म्हणणेही तितकेच दूरदृष्टीचे होते.

मग यावर उपाय काय? वतनदार इतका घातक, तर वतनेच बुडवून टाकावीत, असा सोपा निष्कर्ष इथे निघाला असता. लेखक तो काढत नाही. केवळ दोष आहेत म्हणून या लोकांचा द्वेष करणे आणि वतने बुडवणे हा अन्याय होईल, आणि वेळप्रसंगी त्यातून अनर्थही ओढवेल, असे तो म्हणतो. उलट त्यांना मोकळे सोडले तर मूळ स्वभाव उफाळून येणारच. म्हणून स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये त्यांना ठेवावे. हक्क आहेत ते चालवावेत, हक्काबाहेर एक दाणाही रयतेकडून घेऊ देऊ नये. हे सांगायला सोपे आणि करायला महाकठीण असे काम आहे. ते रोज करावे लागते, एकदा हुकूम काढून भागत नाही. आज्ञापत्राचा हा सगळा भाग म्हणजे राज्यकर्त्याकडून मागितलेली अखंड जागरूकता आहे.

या प्रकरणाला लागूनच वृत्ती आणि इनामांचा विचार येतो. नव्या वृत्ती देऊ नयेत. चाकराने चांगली कामगिरी केली तर त्याचा पगार वाढवावा, पण गाव लिहून देऊ नये. एकेका राजाने खूश होऊन एकेक गाव दिले तर हळूहळू देणाऱ्याजवळ राज्यच उरणार नाही. पगार माणसाबरोबर संपतो, इनाम माणसामागे उरते आणि त्याच्या नातवालाही काम न करता पोसत राहते. हे शब्द रामचंद्रपंतांच्या हातून यावेत यात मोठे कारुण्य आहे. 1690 नंतरच्या दशकात राज्य वाचवण्यासाठी ज्याने सनदा दिल्या, तोच पुढच्या राजाला सांगतो आहे की असे करू नकोस. त्यांनी आपल्या काळातल्या निरुपायाचे तत्त्वज्ञान केले नाही. संकटात घेतलेले औषध निरोगी माणसाने रोज घ्यायचे नसते, हे त्यांनी निःसंकोच लिहून ठेवले.

वतनदाराच्या शेजारी रयत उभी केल्याखेरीज हे वाचन पुरे होत नाही, आणि त्यासाठीच ते आंब्या-फणसाचे प्रसिद्ध पान वाचायला हवे. आरमारासाठी लाकूड लागते, पण आंबा, फणस तोडू नयेत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजोरी करू नये. हे पान एकटे वाचले की वृक्षप्रेम दिसते. वतनदार प्रकरणानंतर वाचले की आणखी एक गोष्ट दिसते. वतनदाराच्या बाबतीत जो लेखक हक्काची रेघ ओलांडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतो, तोच लेखक सामान्य माणसाच्या एका झाडावरचा हक्क राज्याच्या आरमारापेक्षा मोठा मानतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. बळ असलेल्याने बळ नसलेल्याकडून काय घ्यावे आणि कसे घ्यावे?

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हता. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याने स्टॅमफर्ड गावाशेजारी बर्ली हाउस हा प्रचंड वाडा उभारला. त्यानंतर कित्येक पिढ्या त्या गावाने पार्लमेंटात कुणाला पाठवायचे हे मुख्यतः वाडाच ठरवत असे. मतदार वाड्याचेच कूळ, आणि मत उघड द्यायचे. 1832 च्या सुधारणा कायद्याने अशा ‘खिशातल्या’ मतदारसंघांना तडाखा दिला आणि गुप्त मतदान 1872 मध्ये आले. तिथले घर अभंग राहिले, कारण सारे थोरल्या मुलाला मिळे. आपल्याकडे तक्षिमा पडत गेल्या, भाऊबंदकी झाली, घरे आतून भांडत राहिली. म्हणून तिथल्या जमीनदाराचा प्रश्न कायदेमंडळात सोडवावा लागला. इथल्या वतनदाराचा प्रश्न गादीपुढे, गोतसभेत आणि अनेकदा शेताच्या बांधावर कुऱ्हाडीने सुटत राहिला. मंत्र्याच्या घराण्याने मुलखावर पिढ्यान्‌पिढ्या आपला ठसा ठेवणे मात्र दोन्हीकडे सारखेच.

आणि इथेच आज्ञापत्राची सर्वांत मोठी गाठ आहे. नव्या वृत्ती देऊ नका म्हणणाऱ्या अमात्यांचे घराणे स्वतःच बावड्याचे जहागीरदार झाले. गगनबावड्याला गगनगडाच्या पायथ्याशी, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडावर, कोकण आणि देश यांच्या नाक्यावर त्यांची जहागीर पुढे दोनशेहून अधिक वर्षे नांदली. विशाळगडकर पंत प्रतिनिधी, कापशीकर घोरपडे, कागलकर घाटगे, तोरगलकर शिंदे, हिंमतबहाद्दर चव्हाण, सरलष्कर निंबाळकर अशा जहागीरदारांच्या मांडवात बावडेकरांचाही मान होता. यामुळे आज्ञापत्राचे मोल उणे होते असे मला वाटत नाही. उलट ते वाढते. बाहेरून वतनदाराला नावे ठेवणे सोपे. आपल्याच घराच्या तटाकडे बोट दाखवायला निराळे धैर्य लागते.

इचलकरंजीची कथा तर या प्रकरणाचे जिवंत भाष्यच आहे. संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढलेल्या नारो महादेव जोशी यांनी धन्याविषयीच्या कृतज्ञतेने घोरपडे हे आडनाव घेतले. त्यांच्या मुलाशी, व्यंकटरावांशी बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई यांचे लग्न झाले. पेशव्यांचा आधार मिळाला आणि कोल्हापूरच्या कुशीतली ही जहागीर पुण्याच्या बळावर उभी राहिली. अठराव्या शतकभर कोल्हापूरचे आणि तिचे खटके उडत राहिले. दुसऱ्याचा आसरा धरून बळकट होण्याची जी पायरी आज्ञापत्रात आहे, ती इथे अक्षरशः घडली. पण त्याच घराण्यात पुढे नारायणराव बाबासाहेब घोरपडे झाले. त्यांच्या काळात, 1904 साली, विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग लावला आणि आज महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवणाऱ्या शहराची ती सुरुवात ठरली. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या बाळकृष्णबुवांनी ज्या गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवले तेही हेच. आज इचलकरंजीच्या राजवाड्यात वस्त्रोद्योगाचे आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय भरते. एका घराच्या हाती मुलूख असला की त्या घराच्या गुणांनी गाव फुलते आणि त्याच्याच दोषांनी कोमेजते. गावाचे नशीब एका घराच्या वकुबावर टांगलेले राहते, हाच त्या रचनेचा मुळातला दोष.

वतने एकदम बुडवण्याविषयीचा इशाराही इथेच खरा ठरला. 1844 साली कोल्हापूर राज्यात इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे पाऊल उचलले गेले. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले आणि किल्ल्याखालची शेते सांभाळणारे गडकरी चवताळून उठले. सामानगडावर बंडाचे निशाण लागले आणि ते पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. बंड मोडले, किल्ल्यांचे तट उद्ध्वस्त झाले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते एक पान कारभाऱ्यांनी वाचले असते तर इतके रक्त सांडले नसते.

मात्र आज्ञापत्राला एक मर्यादा आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. त्याची नजर वाड्याकडून रयतेपर्यंत येते, पण गावकुसाबाहेर जात नाही. पाटील-देशमुखांच्या वतनात सत्ता होती. महार वतनात सत्ता नव्हती, जखडणे होते. जमिनीच्या चिमूटभर तुकड्यापायी सारे कुटुंबच पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या आणि गावाच्या राबणुकीला बांधलेले. एका टोकाला वतन माणसाला छोटा राजा करत होते आणि दुसऱ्या टोकाला वेठबिगार. हे दुसरे टोक पाहिले कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्या आणि 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी. तेही जहागीरदाराचेच पुत्र, रामचंद्रपंतांसारखेच आतले. 1918 साली त्यांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. ‘पगार द्या, वृत्ती देऊ नका’ हे आज्ञापत्राचे सूत्र दोनशे वर्षांनी त्याच गादीवरून अमलात आले. त्याच वर्षी त्यांनी महार वतनाच्या जमिनी रयतावा, म्हणजे इतर रयतेसारख्या सारा भरण्याच्या, करून त्या माणसांना सक्तीच्या सेवेतून मोकळे केले. आज्ञापत्र जिथे थांबले होते तिथून हे पाऊल पुढचे आहे. मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज तिथे स्वतः गेले, ही याच विचाराची पुढची पायरी.

1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले. परगणा आणि कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, मग जहागिरी गेल्या, पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. कूळ कायदा आणि कमाल जमीन धारणेचा कायदा आला. कागदावर वतनदार उरला नाही. पण जिल्ह्याकडे पाहिले तर साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षण संस्था यांच्या रूपाने गावांवर प्रभाव असणारी घराणी आजही आहेत. त्यातल्या अनेकांनी कोरडवाहू शिवारात पाणी आणले, मुलींसाठी महाविद्यालये काढली, शेतकऱ्याच्या उसाला आणि दुधाला भाव दिला. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. तरीही सभासदाच्या पैशावर उभी राहिलेली संस्था एखाद्या घराचा तट होऊ लागली की त्या तटाची जाडी मोजणे हे सभासदाचे कामच आहे. त्यासाठी घराण्यांचा द्वेष करायला नको आणि त्यांच्यापुढे मान तुकवायलाही नको. स्नेह आणि दंड यांच्या मधली ती वाट आता राजाने चालायची नाही, मतदाराने आणि सभासदाने चालायची आहे. वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद वाचणे, प्रश्न विचारणे, निवडणुकीत घरापेक्षा काम पाहणे, एवढे जरी झाले तरी त्या प्रकरणाचे चीज होईल.

म्हणून माझे सांगणे एवढेच की आज्ञापत्र गडावरच्या भाषणांपुरते ठेवू नका. शाळा-महाविद्यालयांतून, वाचनालयांतून, गावोगावच्या वाचक मंडळांतून वतनदारांचे हे प्रकरण मोठ्याने वाचले जावे. ते वाचायला फार वेळ लागत नाही. एकदा वाचले की आपल्या गावातल्या प्रत्येक उंच भिंतीकडे माणूस नीट पाहू लागतो, आणि लोकशाहीत राहणाऱ्याला ती सवय हवीच.